सव्वाशे विटा

नळाची पाइप फुटली म्हणून
कंपनीच्या पोरांनी मार्चमध्ये खणलं,
जुन्या विटा यंत्राच्या जबड्यात भरडल्या,
खड्डा वाळूनं बुजवला आणि गेले.
मला बोलावलं एप्रिल सरता सरता.

द्रेन्थमधलं गाव, घरं कमी, ओक जास्त.
फाटकापासून गॅरेजपर्यंत
वेणी घालावी तशी विणलेली विटांची वाट.
हिलेखीन ओस्टिंग, वय ब्याऐंशी, दारात उभी,
"तसंच हवं. होतं तसंच."
सगळे असंच म्हणतात.
मी मान हलवतो, गुडघ्यांना पट्टे बांधतो.

ट्रकमधून तीन नमुने काढले.
पहिला जांभळट, भट्टीत जास्त राहिलेला.
दुसरा फिका.
तिसरा कागदावर तंतोतंत तोच :
तीच नदीकाठची माती, तेच माप, नावही तेच.
खाली ठेवला,
आणि शोकसभेत कुणी मोठ्यानं बोलावं
तसा तो एकटाच ऐकू येऊ लागला.

ओल्या विटेचा रंग धरायचा नसतो,
म्हणून वाळायची वाट पाहिली.
तिनं कॉफी आणली, बरोबर एक बिस्किट.
डबा लगेच बंद.

वीट जुनी होते म्हणजे काय होतं?
कडा जातात, चघळलेल्या खडीसाखरेसारख्या.
सांध्यांत शेवाळ बसतं.
साठ हिवाळ्यांचं मीठ, ओकच्या पानांचा काढा,
सगळं हळूहळू मुरतं.
आणि एका जागी तेलाचा डाग, बशीएवढा.
"ओपेल होती. विकून तीस वर्षं झाली.
गळायची."

उपाय आहेत, मला ठाऊक आहेत.
शेवाळ लवकर धरावं म्हणून ताक फासतात.
नव्या विटा पिंपात घालून
एकमेकींवर आपटून कडा पाडतात;
म्हातारपण विकत मिळतं, थोडे पैसे जास्त पडतात.
मी दुसरं करतो :
शेडमागच्या जुन्या काढून पुढे आणतो,
नव्या तिकडे लावतो,
जिथे कचऱ्याच्या डब्यांखेरीज कुणी बघत नाही.

शेडमागची पहिली वीट उचकटली, उलटी केली.
खालून लाल. लख्ख.
माझ्या तिसऱ्या नमुन्याची सख्खी बहीण,
साठ वर्षं वाळूत तोंड खुपसून बसलेली.
हिलेखीनला दाखवली. तिनं चष्मा कपाळावर सारला.
"हो, हाच रंग होता."
मग बराच वेळ काही नाही.
"मला नको होता हा.
मला राखाडी हव्या होत्या.
आठवडाभर बोललो नव्हतो आम्ही."

दुपारी रचायला घेतलं.
दोरी ताणली. एक आडवी, एक उभी,
रबरी हातोड्याचा ठोका,
आणि भिंतीपाशी तीन बोटं फट.
मोजलं. उचकटलं. पुन्हा मोजलं.
चौतीस वर्षं हेच करतोय मी,
घाम फुटला.

चूक माझी नव्हती.
अकराव्या ओळीत तिच्या रूल्फनं
आडवीच्या जागी उभी लावली होती
आणि पुढच्या सगळ्या ओळी
तिच्यामागून मुकाट चालत
गॅरेजपर्यंत गेल्या होत्या.
पाइपवाल्यांनी नेमकी अकरावीच भरडली.

बरोबर लावून काही जुळेना.
शेवटी मीही उभीच लावली,
आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून.
फट मिटली.

"कॉफी घेऊन गेले होते मी," ती म्हणाली,
"मोजणी चुकवलीस म्हणून ओरडला.
मी म्हटलं, कोण बघतंय?"

सव्वाशेतल्या पस्तीस नव्याच लावाव्या लागल्या,
शेडमागच्या पुरल्या नाहीत.
विखरून बसवल्या, तरी दिसतात.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
विटेला नऊ हिवाळे तरी द्यावे लागतील,
मी सांगितलं.
ब्याऐंशी अधिक नऊ : तिचे ओठ हलले.
"चालेल," म्हणाली.

ट्रक मागे घेताना आरशात दिसली :
एक हात गुडघ्यावर, वाकलेली,
फाटकाजवळच्या सर्वांत लाल विटेवर
कॉफीचा गाळ ओतत होती.